ठिणगीची भावकी

पुण्याहून ओझरच्या विघ्नहराला निघालेली गाडी चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला येते. तिथून डावीकडे ओझर, उजवीकडे खोडद. या एकाच रस्त्यावर ठिणगीच्या कुळातली दोन घरं नांदतात आणि त्यांचं आपसात मुळीच पटत नाही. चाकणला बजाजच्या कारखान्यात एकेका सिलिंडरला दोन-दोन, पुढे तीन-तीन स्पार्क प्लग बसले. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला ठिणगी म्हटली की नकोशी. भावकीच ती! मूळपुरुष मात्र एक.

तो म्हणजे इटलीचा अलेस्सांद्रो व्होल्टा. १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठी चिखल ढवळला की जे बुडबुडे येत, त्यातला वायू त्याने बाटलीत धरला. हा मिथेन, आपल्या रिक्षातला सीएनजी म्हणजे मुख्यतः हाच. बंद भांड्यात मिथेन आणि हवा भरायची, आत विजेची ठिणगी पाडायची, की बूच धाडकन उडे. या ‘पिस्तुला’त वीज अडवणाऱ्या आवरणातून एक तार आत आणलेली असे आणि तिच्या टोकाशी बारीक फट. स्पार्क प्लगची ठेवण आजही हीच आहे. गंमत म्हणजे १७७७ साली व्होल्टाने याच पिस्तुलासाठी दुसरं काम सुचवलं: कोमोपासून मिलानपर्यंत तार ओढायची आणि इकडून वीज सोडून तिकडचं पिस्तूल उडवायचं. म्हणजे संदेश गेला. इंजिन आणि दूरसंदेश हे दोन्ही पोरगे एकाच घरात जन्मले ते असे.

१८०७ मध्ये स्वित्झर्लंडच्या आयझॅक द रिवाझने हायड्रोजन ठिणगीने पेटवून गाडा हलवून दाखवला. पण खरी अडचण विजेची होती. बॅटरीची वीज मोजक्या व्होल्टची, ती फट ओलांडून उडी मारत नाही. ती अडचण सोडवली कॉइलने. जाड तारेच्या थोड्या वेढ्यांवर बारीक तारेचे हजारो वेढे गुंडाळायचे आणि आतला करंट झटकन तोडायचा. बाहेरच्या वेढ्यांत हजारो व्होल्ट उसळतात. ही कॉइल नावारूपाला आणली पॅरिसमधल्या हाइनरिश रुमकोर्फ या जर्मन कारागिराने. १८६४ साली त्याला ५०,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. बक्षिसाला नाव कोणाचं, तर व्होल्टाचं.

इथून घर फुटलं. १८६० मध्ये लनोआरने रुमकोर्फची कॉइल गॅसवर चालणाऱ्या इंजिनाला जोडली. १८८७ मध्ये तसल्याच कॉइलच्या ठिणग्या पाडत असताना हाइनरिश हर्ट्झला दिसलं, की खोलीत पलीकडे धरलेल्या तारेच्या कड्यातही, काहीही न जोडता, इवलीशी ठिणगी पडते. रेडिओ लहरींचा हा पहिला पुरावा. ठिणगी फक्त पेटवत नाही, ती लहरीही फेकते. त्या हिशोबाने प्रत्येक पेट्रोल गाडीचा प्लग हे विनापरवाना रेडिओ स्टेशन आहे. इंग्लंडात तर या दोन शाखा एकाच छपराखाली राहिल्या: ऑलिव्हर लॉज हे रेडिओचे आद्य संशोधक आणि त्यांच्या मुलांचा धंदा लॉज प्लगचा!

इंजिनाच्या शाखेला पुढे बरेच धक्के खावे लागले. डाइमलरने ठिणगीचा नादच सोडून बर्नरवर लाल तापवलेली नळी वापरली. कार्ल बेंझ कॉइलला चिकटून राहिला. १९०२ मध्ये रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने जास्त दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला प्लग तयार केला, तेव्हा कुठे हे घराणं स्थिरावलं. पाठोपाठ अमेरिकेत केटरिंगची बॅटरी-कॉइल-पॉइंटची जोडणी १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनी मोटारीत होते ते हेच, करंट तोडणारे पॉइंट. ‘पॉइंट घासून घे’ हे वाक्य मराठी गॅरेजात कितीदा बोललं गेलं असेल, देव जाणे.

दुचाकीवाल्यांनी तर प्लगशी जवळजवळ संसार केला. टू-स्ट्रोक स्कूटरच्या पेट्रोलात ऑइल मिसळलेलं. ते पुरतं जळत नाही, फटीत काजळी धरते आणि गाडी मिसिंग मारते. म्हणून डिकीत प्लगपाना आणि एक जादा प्लग ठेवायचाच. मिस्त्री प्लग काढून टोपीत घालतो, त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवतो आणि किक मारतो. निळी, टणक ठिणगी उडाली तर करंट ठीक. पिवळी, मरतुकडी उडाली तर प्लग, टोपी, वायर, कॉइल असं एकेक बदलून पाहायचं. प्लगचं टोक इंजिनाची प्रकृती सांगतं: फिकट तपकिरी असेल तर उत्तम, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळं म्हणजे ऑइल चढतंय, पांढरंफटक म्हणजे फार तापतंय.

हे तापणं सांभाळणं हीच प्लगची खरी कारागिरी. टोक साधारण ५०० अंशांच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही. ८५० च्या वर गेलं तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटतं. म्हणून प्लग ‘गरम’ आणि ‘थंड’ असे निघतात, आणि प्लगवरचा आकडा तेच सांगतो. इथे गिऱ्हाईक हमखास फसतं. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड. बॉशचा वाढला की गरम. दुकानदार ‘हाच बसतो’ म्हणाला म्हणून घेऊ नये. आटे बसतील, पण पिस्टन भाजेल.

आता चाकण. सिलिंडरात एका कडेला ठिणगी पडली की ज्वाळेला पार दुसऱ्या कडेपर्यंत जावं लागतं. दोन्हीकडून पेटवलं तर काम लवकर आणि पुरतं होतं. बजाजने २००३ च्या पल्सरमध्ये हेच केलं आणि नाव दिलं डीटीएस-आय. कल्पना नवी नव्हती. अल्फा रोमिओच्या १९१४ च्या शर्यतीच्या गाडीत जोडप्लग होते. पण लहान इंजिनात ते बसवण्याच्या रीतीवर बजाजने पेटंट मिळवलं. २००७ मध्ये टीव्हीएसची दोन प्लगची फ्लेम आली आणि भांडण कोर्टात गेलं. मद्रास उच्च न्यायालय, मग २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालय. तडजोड झाली ती २०१९ मध्ये. दरम्यान २०१२ च्या पल्सर २०० एनएसला तीन प्लग लागलेही होते. एवढ्याशा प्लगपायी बारा वर्षं!

खोडदचं दुखणं उलटं. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ खोडदजवळ, बाकीच्या तीन दिशांना जुन्नर-आंबेगावच्या शिवारांत पसरलेल्या. भोवती डोंगर आणि माणसाने केलेला रेडिओ-कल्ला कमी, म्हणून ही जागा निवडली. आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण, की विजेच्या खांबावर सैल झालेल्या तारेची किंवा गाडीच्या इग्निशनची ठिणगीही त्यांच्यात घुसते. दूरदर्शनच्या जमान्यात बाहेर स्कूटर सुरू झाली की पडद्यावर ठिपके नाचत, दुखणं तेच. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीजवळ तर डिझेलच्याच गाड्या नेतात. डिझेलला स्पार्क प्लग लागतच नाही.

पेट्रोलवाल्यांसाठी तोड निघाली ती प्लगच्या पोटातच. आत साधारण ५,००० ओहमचा रोध बसवला की ठिणगीची लहर दबते आणि पेटवण्याच्या कामात फरक जाणवत नाही. असल्या प्लगच्या नावात ‘आर’ असतो: एनजीके बीपीआर६ईएस, बॉश डब्ल्यूआर७डीसी. आजच्या गाड्यांतला संगणक ठिणगीच्या लहरीने गोंधळू नये म्हणूनही हेच प्लग लागतात.

तेव्हा प्लग बदलताना गाडीच्या पुस्तिकेतलाच आकडा घ्या आणि ‘आर’ आहे का ते बघा. इंजिन गार झाल्यावर काढा, आधी हाताने आटे धरवा, मग पाना लावा. गॅप फीलर गेजने मोजा, डोळ्याने नाही. इरिडियमचा प्लग पॉलिश पेपरने घासू नका. आणि गाडी सीएनजीवर असेल तर प्लग जरा लवकरच बदला, कारण व्होल्टाचा हा वायू पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट मागतो.