मुक्ती मिशन
पुणे जिल्ह्यातील केडगाव (ता. दौंड) येथे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी उभारलेली ख्रिस्ती सेवासंस्था. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला; पण तेथील मठवासिनींचा धार्मिक अधिकार निमूटपणे मानणे त्यांना कधीच जमले नाही. त्यांचा विश्वास कृतीतून उमटला. १८८९ मध्ये मुंबईत काढलेले विधवा व मुलींचे निवासी विद्यालय शारदा सदन पुढे पुण्यास आले. धर्मांतराच्या वादामुळे १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, तरी काम थांबले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली व विधवांना आणून केडगावच्या माळावर वसविले. तेथे प्रार्थनेइतकेच श्रमाला महत्त्व होते: शेती, विणकाम, शिवण, छपाई. समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. अंध मुलींचीही सोय होती. हिब्रू-ग्रीकवरून रमाबाईंनी स्वतः केलेले बायबलचे मराठी भाषांतर हे या संस्थेचे बहुधा सर्वांत धाडसी काम. आश्रमातील स्त्रियांनीच खिळे जुळवून ते छापले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये, रमाबाईंच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. संस्थेचे कार्य केडगावात आजही चालू आहे.