गिरिनिवास, मुळशीतील

शहरवासीयांनी थंड हवेसाठी वा निवांतपणासाठी डोंगराळ प्रदेशात केलेले हंगामी किंवा कायमचे वास्तव्य म्हणजे गिरिनिवास. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील मुळशी तालुक्यात अशा वास्तव्याचा इतिहास अलीकडचा असला, तरी तो तेथील धरणांच्या व विस्थापनाच्या इतिहासाशी निगडित आहे. पौड हे तालुक्याचे मुख्य ठिकाण असून पश्चिम सीमेवर सह्याद्रीची मुख्य रांग आहे. मुळा, मुठा व मोसे या नद्यांच्या खोऱ्यांत पाऊस विपुल पडतो. भात, नाचणी व वरई ही येथील पारंपरिक पिके होत. मावळी शेतकऱ्यांप्रमाणेच धनगर व कातकरी यांचीही जुनी वस्ती येथे आढळते.

महाराष्ट्रातील गिरिस्थानांची सुरुवात ब्रिटिश अमदानीत झाली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर येथे वसाहतीस चालना दिली. १८५० मध्ये ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट याने माथेरान प्रसिद्धीस आणले. बोरघाटातून १८६३ मध्ये लोहमार्ग सुरू झाल्यावर खंडाळा व लोणावळे येथे मुंबईकरांचे बंगले उभे राहू लागले. मुळशीची खोरी मात्र लोहमार्गापासून दूर असल्याने या ओघाबाहेर राहिली.

मुळशीकडे शहराचे लक्ष प्रथम वळले ते तेथील पाण्यामुळे. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने निळा व मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरविले. सुमारे पन्नास गावांवर त्याचा परिणाम होणार असल्याने १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट व वि. म. भुस्कुटे हे त्यातील प्रमुख नेते होत. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्यात लाभली. जमिनीवर हक्क असलेले पुण्यातील अनेक सावकार मोबदल्यास राजी झाल्याने कसणाऱ्या मावळ्यांची बाजू दुबळी झाली व १९२४ नंतर लढा ओसरला. धरण १९२७ मध्ये पुरे झाले. पुढे मोसे नदीवर वरसगाव येथे पुण्याच्या पाणीपुरवठ्यासाठी व सिंचनासाठी धरण झाले. त्याच्या जलाशयास शिवकालीन वीर बाजी पासलकर यांचे नाव दिले आहे. याही वेळी खोऱ्यातील गावांना स्थलांतर करावे लागले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याची वाढ, खाजगी मोटारींचा प्रसार व तालुक्याच्या पूर्व भागात हिंजवडी येथे उभी राहिलेली संगणक-उद्योगनगरी यांमुळे परिस्थिती पालटली. जलाशयांकाठच्या जमिनींना मागणी आली आणि भातखाचरांच्या शेजारी शेतघरे व बंगले दिसू लागले. राज्य शासनाने १९९६ मध्ये गिरिस्थानसदृश क्षेत्रांतील पर्यटन-वसाहतींसाठी विशेष नियमावली केली. तिच्या आधारे २००१ मध्ये मुळशी व तत्कालीन वेल्हे या तालुक्यांतील १८ गावांचे क्षेत्र गिरिस्थान म्हणून घोषित झाले. त्यातूनच वरसगाव जलाशयाकाठी लवासा हे खाजगी गिरिनगर आकारास आले. दासवे येथील त्याच्या पहिल्या वस्तीची रचना इटलीतील पोर्तोफिनो या बंदरगावाच्या धर्तीवर करण्यात आली.

प्रकल्पास आरंभापासून विरोधही झाला. जमिनींचे व्यवहार, कातकऱ्यांचे हक्क, डोंगरउतारांची तोड आणि पुण्याच्या पाण्यावरील परिणाम हे आक्षेपांचे मुख्य विषय होत. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा आदेश दिला. एक वर्षाने पहिल्या टप्प्यास सशर्त मंजुरी मिळाली. मात्र या अवधीत घरविक्रीचा ओघ आटला व कर्जाचा भार वाढला. ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही दाखल करून घेतली.

जुन्या गिरिस्थानांशी तुलना केल्यास लवासाच्या अडचणींचे एक कारण स्पष्ट होते. महाबळेश्वर येथे शासनाचा उन्हाळी मुक्काम असे आणि क्षेत्र महाबळेश्वरची यात्रा त्याहून जुनी आहे, पाचगणीस निवासी शाळांनी स्थैर्य दिले, लोणावळ्यास रेल्वेने. तेथे वस्तीला धरून व्यवसाय आले आणि व्यवसायामुळे माणसे टिकली. लवासात घरे आधी झाली; शिक्षणसंस्था व अन्य व्यवसाय त्यामागून आणण्याची योजना पूर्णत्वास गेली नाही. परिणामतः अनेक घरे सुट्टीपुरती वा गुंतवणुकीपुरती राहिली.

मुळशीतील गिरिनिवासाचे वैशिष्ट्य मात्र याहून वेगळे आहे. शहरवासीयाला येथे जे जलाशयाचे दृश्य आकर्षित करते, त्याच्या तळाशी पूर्वीची शेते व गावठाणे आहेत. शहरासाठी खोरे सोडावे लागलेल्यांची पुढची पिढी अनेक ठिकाणी उपजीविकेसाठी पुण्या-मुंबईस गेली आणि शहरातील माणूस विसाव्यासाठी त्याच खोऱ्यात आला. या दोन्ही स्थलांतरांचा एकत्र विचार केल्याखेरीज मुळशीचा आधुनिक इतिहास पुरा होत नाही.