कालवाच्या अंगचे राखणदार

डहाणूच्या खाडीत किंवा तलासरी तालुक्यातल्या झाईच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली, की खडकांवरची कालवे उघडी पडतात. कालवाला पळता येत नाही. एकदा चिकटले की जन्मभर तिथेच. तासाला काही लिटर पाणी गाळायचे, त्यातले कण खायचे. मग पाण्याबरोबर रोगजंतूही आत येणारच. त्यांच्यापासून ते वाचते कसे?

१८८२ साली इटलीत मेसिना येथे मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! परक्याला घेरून गिळणाऱ्या या पेशींच्या संशोधनाला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कालवाच्या रक्तातही अशाच पेशी असतात. आपल्याला लस टोचली की शरीर त्या रोगाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. कालवाजवळ प्रतिपिंडे नाहीत. या पेशी हाच त्याचा मुख्य पहारा.

आता खरी गोष्ट ऐका. १८९७ साली बॉइस आणि हर्डमन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हिरवट पडलेली कालवे तपासली. तांबे सापडले ते नेमके या राखणदार पेशींत! पाण्यातला धातू उचलून साठवण्याचे कामही त्यांचेच. म्हणजे बघा, ज्याने पहारा द्यायचा त्याच्याच डोक्यावर ओझे. थोडे तांबे, थोडे जस्त कालवाला हवेच असते. पण तांबे अती झाले, किंवा कॅडमियम, पारा यांसारखे विष आले, की पेशींची गिळण्याची ताकद घटते. कालव लगेच मरत नाही; दिसायला धडधाकट असते. पुढे साध्या जंतूने किंवा उन्हाच्या तडाख्याने ते जाते, आणि दोष मात्र उन्हाला लागतो.

म्हणूनच मेलेली मासळी किनाऱ्याला लागेपर्यंत थांबणे शहाणपणाचे नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांवर बंधने घातली. कोळशावरचे ५०० मेगावॅटचे वीजकेंद्र १९९५ साली इथे सुरू झाले. कोळशाच्या राखेत शिसे, पारा, आर्सेनिक अल्प प्रमाणात असतात. म्हणून राख नीट सांभाळावी लागते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तालुक्यासाठी खास प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. नुकसान होण्याआधी पहारा बसवावा, हाच या साऱ्याचा अर्थ.

भगिनींनो, कालवे उकळली की जंतू मरतात, पण शिसे वा कॅडमियम उडून जात नाही. आणि गुरुजी, जुने सेल, फुटकी बॅटरी, होडीचा खरवडलेला रंग ओढ्यात टाकू नये, एवढे मुलांना जरूर सांगा. ओढ्याचे पाणी शेवटी खाडीलाच जाते. आणि तिथे कालव आहे, त्याला पळता येत नाही.