किरकोळ खर्चाचा रकाना

आमच्यासारख्या कैक पिढ्यांपूर्वी बडोद्यात येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांत, माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा देवघराशेजारच्या फडताळात, एखादी तरी जुनी जमाखर्चाची वही अजून सापडते. आमच्या घरी आजोबांच्या हातची अशी एक वही आहे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दूध, धान्य, किराणा, घरभाडे, मुलांची फी, देवधर्म, आलागेला आणि सर्वांत शेवटी ‘किरकोळ’. हा शेवटचा रकाना नेहमी सर्वांत लहान असे. महिनाअखेर चार आण्यांचा मेळ लागला नाही, तर तो लागेपर्यंत जेवणाची पाने मांडली जात नसत, असे घरात सांगत.

लोकांच्या खरेदीच्या सवयी बदलल्या की वडीलधाऱ्यांकडून एकच तक्रार ऐकू येते : नवी पिढी उधळी झाली. आम्हांला हे निदान पुरेसे वाटत नाही. माणसाची हाव काही एका पिढीत वाढत नाही आणि एका पिढीत आटतही नाही. बदलते ती खर्चाची नोंद. ती कोण ठेवतो, कोण वाचतो आणि तिच्यावर सत्ता कोणाची, या प्रश्नांच्या उत्तरांत त्या त्या काळच्या समाजाचे चित्र दिसते. म्हणून ग्राहकाच्या आजच्या वर्तनाकडे पाहण्यापूर्वी जुन्या वह्या थोड्या चाळून पाहणे योग्य ठरेल.

घरातल्या वहीच्या जोडीला दुसरी वही असे ती वाण्याच्या दुकानात. दिवाळीत पूजली जाणारी ही लाल वही पुष्कळांच्या आठवणीत प्रेमाने नांदते. पगार लांबला तरी चूल पेटत राही, लग्नकार्यात सामान न मागता पोहोचे. मात्र त्या उधारीची जी दुसरी बाजू आहे, ती विसरून चालणार नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि दंगे आसपासच्या गावांत पसरले. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. त्या हाती लागल्या की त्यांची होळी होई. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्याच्या नावावर काय लिहिले जात आहे हे त्याला कळत नव्हते. चौकशी समितीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात ऋणकोला पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क दिला गेला. आपल्या नावावरचा हिशेब आपल्याला पाहता यावा, ही मागणी आपल्याकडे इतकी जुनी आहे.

या प्रश्नाला दुसरे उत्तर मिळाले ते आमच्याच शहरात. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली काही मध्यमवर्गीय मराठी मंडळींनी ‘अन्योन्य’ या नावाची परस्पर साहाय्याची मंडळी बडोद्यात स्थापन केली. सहकारी पतसंस्थांचा कायदा हिंदुस्थानात १९०४ साली आला. त्याच्या पंधरा वर्षे आधीची ही गोष्ट. आपली बचत एकत्र करावी आणि अडल्यानडल्याला आपल्यातल्याच माणसाला कर्ज द्यावे, अशी ही साधी कल्पना. येथे वही सावकाराची राहिली नाही, सभासदांची झाली. ही संस्था पुढे बँक झाली आणि आज ती उरलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. सभासदांची वहीसुद्धा सभासदांनी पाहत राहावी लागते.

त्याच सुमारास वहीत आणखी एक अदृश्य रकाना वाढत होता : माल कोठला? सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारात खादीच्या वेशात गेले. सयाजीराव महाराजांनी १९०२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन केले. १९०५ च्या वंगभंगानंतर पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली, आणि माणशी एकेक पैसा जमवणाऱ्या पैसा फंडातून तळेगावचा काचकारखाना १९०८ मध्ये उभा राहिला. बाजारात जाणे हे तेव्हा प्रथमच सार्वजनिक मत देण्यासारखे झाले. स्वदेशी काडीपेटी ओली निघाली तरी तीच घेणारी माणसे होती. त्या आग्रहात गैरसोय होती, कधी अतिरेकही होता. पण घेण्यापूर्वी क्षणभर थांबून विचार करण्याची सवय त्याने लावली.

पुढचा काळ टंचाईचा. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आले आणि वहीची जागा शिधापत्रिकेने घेतली. काय खावे हेच सरकारी दप्तरात ठरू लागले. रांगेत उभे राहणे हाच ग्राहकाचा स्वभाव बनला. त्यातूनच १९७० नंतर ग्राहक पंचायतींची चळवळ महाराष्ट्रात उभी राहिली, शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन महिन्याचे सामान घेऊ लागली, आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. १९९१ नंतर रांग संपली, माल आला, आणि त्याबरोबर हप्तेही आले.

आता आजच्या चित्राकडे वळू. १९९९-२००० च्या सरकारी पाहणीत शहरी माणसाच्या एकूण खर्चात तृणधान्याचा वाटा सुमारे १२ टक्के होता. २०२२-२३ च्या पाहणीत तो चार टक्क्यांच्याही खाली आला. त्याच पाहणीत पेये, उपाहार आणि तयार खाद्यपदार्थ यांचा शहरी खर्चातील वाटा साडेदहा टक्क्यांवर गेलेला दिसतो. म्हणजे जात्यातल्या दाण्यापेक्षा पुडीतल्या खाऊवर शहरी माणूस आज अधिक खर्च करतो. उत्पन्न वाढले की अन्नावरच्या खर्चाचा हिस्सा घटतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्येच दाखवले होते, तेव्हा यातले पुष्कळसे सुबत्तेचे लक्षण आहे. उन्हाळ्यात गव्हाला एरंडेल चोळून वर्षाची कोठी भरणारी घरे आमच्या रावपुऱ्यात, दांडिया बाजारात अजून आहेत. पण ती मोजकी. वर्षाचा विचार महिन्यावर आला, महिन्याचा आठवड्यावर, आणि २०२१ नंतर मोठ्या शहरांत दहा मिनिटांत सामान दारी येऊ लागले तेव्हा तो त्या क्षणावर आला.

पैसे देण्याची रीतही तशीच बदलली. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले, त्याच वर्षी नोटाबंदी झाली, आणि २०२४-२५ या एका वर्षात त्या मार्गाने १८,५०० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवालीच्या गाडीवरही आता चौकोनी संकेतचित्र लटकते. एकेक व्यवहार नोंदला जातो. इतकी काटेकोर वही आजोबांनाही जमली नसती. फरक इतकाच की ती वही आपण लिहीत नाही आणि क्वचितच वाचतो. आपण रात्री किती वाजता काय मागवतो, कोणत्या सवलतीला भुलतो, हे आपल्यापेक्षा दुकानदाराला अधिक ठाऊक असते. न मागितलेली वस्तू हळूच यादीत टाकणे, ‘फक्त काही मिनिटे उरली’ असा खोटा धाक घालणे अशा तेरा क्लृप्त्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोव्हेंबर २०२३ मध्ये नियमावली काढावी लागली. त्याच वर्षी व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. सुप्याच्या शेतकऱ्याला अक्षर येत नव्हते. आपण शिकलेले आहोत, तरी आपल्या नावावरची वही आपल्यालाही दिसत नाही.

येथे जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मोह आवरला पाहिजे. आजोबांच्या त्या वहीत आजीच्या इच्छेला रकाना नव्हता. तिने तांदळाच्या डब्यात लपवलेले चार रुपये कोणत्याही हिशेबात आले नाहीत. ते तिचे एकटीचे स्वातंत्र्य होते. आज तिच्या नातीच्या नावावर खाते आहे आणि तिला कोणाला विचारावे लागत नाही. मुले परदेशी असलेल्या आमच्या वयाच्या जोडप्यांना औषधे घरपोच मिळतात, ही काही लहान गोष्ट नव्हे. या सोयी नाकारणे शहाणपणाचे नाही, शक्यही नाही.

पण एक जुनी सवय परत आणता येईल. गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी एक साधी वही आणली आणि रोजचा खर्च हाताने लिहिला. महिनाअखेर बेरीज केली, तर दूध, धान्य, भाजी यांच्या तुलनेत ‘किरकोळ’ हाच रकाना सर्वांत मोठा निघाला. त्यातल्या निम्म्या वस्तू कशासाठी घेतल्या, हे आम्हांला आठवेना. आठवले नाही याची जी लाज वाटली, तिच्यामुळे पुढच्या महिन्यातली दोन-तीन बोटे दाबायची राहून गेली. वाचकांनीही एक महिना हा प्रयोग करून पाहावा. आजोबांची वही पुन्हा माळ्यावर ठेवली आहे. नवी मात्र फोनच्या शेजारीच असते.