कूतच्या खंदकातली भाकरी

आम्ही पर्युषणात हिरवी भाजी सोडतो. यंदा आदिलाबादला कणीक चाळताना मला कूतचा वेढा आठवला. आजच्या इराकमध्ये, टायग्रिसच्या काठी, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत इंग्रजांच्या फौजेची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या.

जानेवारीत नदीला पूर आला, खंदकांत पाणी शिरलं. गोळीबरोबरच आजारही जीव घेत होते. हगवण तर होतीच. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या पिठाच्या पावामुळे बेरीबेरी झाली. आपल्या लोकांच्या आट्यात कोंडा असल्यामुळे ते त्यातून वाचले. पुढे गोऱ्यांच्या पावातही आटा, जव मिसळले, तेव्हा त्यांचा आजार ओसरला. मात्र आपल्यांना स्कर्व्हीनं गाठलं. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं. ताजी भाजी नाही, लिंबू नाही. घोड्याचं मांस मिळत होतं, पण बहुतेकांनी कितीतरी आठवडे ते नाकारलं. धर्म जाईल, गावात जातीबाहेर टाकतील, ही धास्ती. भारतातून धर्मगुरूंची परवानगी आली, तरी पुष्कळ जण अडूनच राहिले. अखेर भुकेनं अनेकांना खायला लावलं.

मैत्रिणींनो, त्यांना हट्टी म्हणणं सोपं आहे. आपण भाजी सोडतो तेव्हा घरात डाळ असते, पारण्याचा दिवस ठरलेला असतो. त्यांना तो दिवस ठाऊक नव्हता. म्हणून ज्यांनी नियम पाळला आणि ज्यांनी मोडला, त्या दोघांपुढेही मी हात जोडते. आणि कोंडा आता टाकत नाही.