बाळाचा डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते का?

तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला यात्रा भरते, घोड्यांचा बाजार फुलतो. त्याच दिवसांत नंदुरबार जिल्ह्यातली अनेक आदिवासी कुटुंबं ऊसतोडीसाठी गुजरातमध्ये असतात. तान्ही मुलंही सोबत असतात आणि गावातल्या लसीकरणाची तारीख निघून जाते. मग चुकलेल्या डोसचं काय करायचं?

थोडक्यात उत्तर

आधी घेतलेले डोस वाया जात नाहीत. जिथे खंड पडला, तिथून पुढे लसीकरण सुरू करता येतं.

सरकारी वेळापत्रक काय आहे?

- जन्मानंतर लगेच: बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि हिपॅटायटिस बी (२४ तासांच्या आत)
- ६, १० आणि १४ आठवडे: पेंटाव्हॅलंट, तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरस. ६व्या आणि १४व्या आठवड्यात न्यूमोकोकल लस आणि पोलिओचं इंजेक्शनही
- ९ महिने पूर्ण झाल्यावर: गोवर-रुबेलाचा पहिला डोस, न्यूमोकोकल बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन
- १६ ते २४ महिने: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी आणि पोलिओ बूस्टर
- ५ ते ६ वर्षं: डीपीटीचा दुसरा बूस्टर
- १० आणि १६ वर्षं: टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस

पेंटाव्हॅलंट ही एकच लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब या पाच आजारांपासून संरक्षण देते.

मुलींसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लसही महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटना ती ९ ते १४ वर्षं वयात देण्याची शिफारस करते.

किती उशीर चालतो?

बीसीजी, तसंच रोटाव्हायरस आणि पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस बाळ वर्षाचं होण्याआधी घ्यावा लागतो. गोवर-रुबेलाची राहिलेली लस ५ वर्षांपर्यंत मिळते. पण उशीर होतो तेवढे दिवस मूल असुरक्षित राहतं. २०२२च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीसह भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ पसरली, त्यात बालकांचे जीव गेले. लागण झालेल्या अनेक मुलांनी लस घेतलेली नव्हती.

कामासाठी बाहेरगावी जाताना

- माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा. त्याचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.
- निघण्याआधी आशाताईंना किंवा एएनएम सिस्टरना पुढच्या डोसची तारीख विचारा.
- जिथे मुक्काम असेल, तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात लस मोफत मिळते. राज्य बदललं तरी हक्क तोच राहतो.
- कार्ड हरवलं तरी लसीकरण थांबवू नका. यू-विन पोर्टलवर नोंद असेल, तर ती मोबाइल नंबरवरून शोधता येते.

लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबावं. हलका ताप किंवा इंजेक्शनच्या जागी सूज येऊ शकते, ती सहसा दोन-तीन दिवसांत जाते. साधी सर्दी असेल, तरी लस पुढे ढकलायची गरज नसते. जास्त ताप किंवा इतर त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा.