लिंफोमॅटॉइड पॅप्युलोसिस

त्वचेतील टी-लसीका पेशींचा एक दुर्मिळ व दीर्घकाळ चालणारा विकार. दर दहा लाख लोकांमागे साधारण एक ते दोन जणांत तो आढळतो. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ वॉरन मॅकॉले यांनी १९६८ मध्ये त्याचे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगासारखा दिसणारा हा विकार शरीरावर मात्र सौम्यपणे वागतो. आजच्या वर्गीकरणात त्याचा समावेश त्वचेच्या सीडी-३० धन (पेशींवर सीडी-३० हे प्रथिन आढळणाऱ्या) लसीका विकारांत होतो.

लक्षणे : धड व हातपायांवर लालसर-तपकिरी पुटकुळ्या उठतात. त्यांचा आकार सहसा एक सेंटिमीटरच्या आतबाहेर असतो. पुटकुळीचा मध्य काळवंडतो, त्यावर खपली धरते आणि तीन ते आठ आठवड्यांत ती आपोआप बरी होते. मागे डाग किंवा देवीच्या वणासारखा खळगा राहतो. जुन्या पुटकुळ्या सुकत असतानाच नव्या येतात, त्यामुळे एकाच वेळी सर्व अवस्था दिसतात. हे चक्र काही महिने किंवा अनेक दशकेही चालते. विकार बहुधा चाळिशी-पन्नाशीत उद्भवतो, मुलांतही आढळतो. त्याचे नेमके कारण अज्ञात आहे.

निदान : कीटकदंश, केसपुळ्या, कांजिण्या किंवा प्लेव्हा या त्वचाविकाराशी त्याची गल्लत होते. म्हणून निदानासाठी बायॉप्सी करतात. बायॉप्सीत दिसणाऱ्या रचनेनुसार त्याचे प्रकार पाडतात; त्यांपैकी 'अ' हा प्रकार सर्वाधिक आढळतो. त्यात न्यूट्रोफिल व इओसिनोफिल पेशींच्या गर्दीत मोठ्या, विकृत केंद्रकाच्या सीडी-३० धन पेशी विखुरलेल्या असतात. त्या हॉजकिन लिंफोमा या लसीका पेशींच्या कर्करोगातील पेशींसारख्या दिसतात. 'क' प्रकारात अशा पेशींचे सलग थर असतात. त्यामुळे केवळ काचपट्टी पाहून हा विकार आणि त्वचेचा अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिंफोमा यांत फरक करता येत नाही. पुटकुळ्या आपोआप येतात-जातात ही रुग्णाने सांगितलेली हकिकतच निर्णायक ठरते. ती विकृतिशास्त्रज्ञाला कळवली नाही, तर रुग्णावर अनावश्यक केमोथेरपीची वेळ येऊ शकते.

संबंधित लिंफोमा : सुमारे १० ते २० टक्के रुग्णांना या विकाराच्या आधी, सोबत किंवा नंतर दुसरा लिंफोमा होतो. त्यांत मायकोसिस फंगॉइडिस, अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिंफोमा व हॉजकिन लिंफोमा प्रमुख आहेत. कोणत्या रुग्णाला तो होईल, हे आधी सांगता येत नाही.

उपचार : पुटकुळ्या थोड्या असल्यास केवळ देखरेख पुरते. त्या पुष्कळ असल्यास किंवा वण विद्रूप करत असल्यास आठवड्यातून एकदाच कमी मात्रेत मेथोट्रेक्सेट देतात किंवा अतिनील किरणांचा उपचार करतात. त्याने पुटकुळ्या आटोक्यात येतात; उपचार थांबताच बहुधा परततात. या विकाराने मृत्यू जवळजवळ होत नाही. तरी दुसऱ्या लिंफोमाच्या शक्यतेमुळे आयुष्यभर नियमित तपासणी आवश्यक असते.